मापाचा दोरा

फोटो बघ, सेराफीना. एकोणीसशे अकरा.
चर्चच्या पायऱ्यांवर सतरा बायका
आणि सतराजणींच्या गळ्यात काळी मखमली पट्टी.
तुला वाटलं, फॅशन.
अगं, पट्टीच्या रुंदीवरून
आमच्या खोऱ्यात बाळंतपणं मोजता यायची.

मी सुईण. खिशात कात्री आणि दोरा.
दोरा नाळेसाठी, पण त्याआधी गळ्यासाठी:
लग्नाच्या दिवशी एक माप, महिन्याने दुसरं.
टोकं जुळेनाशी झाली
की मी सासूला सांगायची, पाळणा पुसून ठेवा.
पोटाआधी गळा बोलायचा.
न्हाण आलेल्या पोरींचाही गळा असाच
भरून यायचा, कुणी न रडता.

दोष दिला बर्फाच्या पाण्याला,
उतरणीवरच्या वाऱ्याला.
लुडिवीनला तर पाद्रीने सरळ विचारलं, पाप कुठलं?
तिचा तिसरा, मोरित्स.
पायाला धरून उलटा केला, थोपटला,
रडला नाही.
पिवळा, झोपाळू, जाड जिभेचा.
तिचा पान्हा कपड्यांतून पाझरत होता
आणि त्याला ओढायचं सुचत नव्हतं.
सात वर्षांचा झाला तरी उंबरा त्याला डोंगर.

मग खालच्या गावाहून डॉक्टर आला.
गोठ्याच्या दारावर खडूने काढून दाखवलं:
कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी, ही मुकादम.
गळ्यात अवटू, ही विणकरीण.
सूत म्हणजे आयोडीन. ते आपल्या मातीत नाही,
हिमनद्यांनी केव्हाच खरवडून नेलं.
सूत नाही म्हणून कापड नाही,
कापड नाही म्हणून मुकादम ओरडते,
ओरडा ऐकून ही बिचारी मागाला माग जोडत जाते.
मागांनी घर भरतं, भिंती फुगतात,
अंगावर घ्यायला चिंधी नाही.
आणि त्या चिंधीवाचून
गर्भातल्या मेंदूला ऊब कुठली?

"उपाय?" लुडिवीनने विचारलं.
"मीठ."
मी हसले. सगळ्यांदेखत.
त्याने पोत्यात काहीतरी शिंपडलं,
फावड्याने चारदा वरखाली केलं.
वर्षभराचं औषध म्हणे नखावर मावेल एवढं.
मी म्हटलं, बायकांच्या पोटातलं कोडं
हा बाप्या मिठात शोधतोय.

लुडिवीनने खाल्लं. मी नाही.
दोन हिवाळे माझ्या घरात जुनंच मीठ,
आणि त्याच घरात, माझ्याच हातचं सूप पिऊन,
माझी धाकटी बहीण ओडिला
दिवस मोजत होती.

थांब, मेणबत्ती जरा इकडे घे.

तिचं बाळ चार तास होतं.
मिठावाचून गेलं असं कुणी म्हटलं नाही.
डॉक्टरही म्हणाला, सांगता येत नाही.
हे वाक्य तर माझं होतं,
जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसून मीच म्हणत आलेलं.

त्याच मार्चमध्ये लुडिवीनला मुलगी झाली.
पुरती बाहेर यायच्या आतच अशी किंचाळली
की गोठ्यातली गाय मान वळवून बघू लागली.
सवयीने मी दोरा आईच्या गळ्याला लावला.
जुन्या गाठीच्या पुढे
अर्धं बोट उरला.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
माणसं जागतात, न जागतात.
गळ्यातली ही मांसाची गोळी मात्र
चिमटीभरावर जन्मभर जागते.

माझा गळा तसाच राहिला. उशीर झाला होता.
पाळी जाऊनही वीस वर्षं झाली.
तुझ्या नव्या पुस्तकात लिहिलंय ना,
की माझी मुकादम अजून बीजकोशांना हाका मारतेय,
आधीपेक्षा मोठ्याने,
आणि तिकडून कुणी ओ देत नाही?
मारू दे. मलाही रात्री ऐकू येतात.

दोरा तुला ठेव. नाळेला लागेल.
आणि जाताना कुरणाकडून जा,
मोरित्स असेल तिथे, चाळिशीचा,
शेळ्यांना तळहातावर मीठ चारत.
मोजता येत नाही त्याला,
तरी एकही शेळी राहत नाही.
शेवटी तळहात
स्वतः चाटतो.